घरून इंग्रजी शिकवायचंय? पहिले पाच विद्यार्थी असे मिळवा

मिरजेत मी शिकवणी सुरू करायची ठरवली, तेव्हा सगळ्यात आधी हँडबिलं छापून घेतली. एक हजार. पिवळा कागद, लाल अक्षरं, 'स्पोकन इंग्लिश, ग्रामर, सर्व इयत्ता, सर्व वयोगट'. पेपर टाकणाऱ्या मुलांना पैसे देऊन ती घरोघर पोचवली. फोन दोन आले. एक विमा एजंटचा. दुसरा एका आजोबांचा; 'शिकवणी'तला 'शि' दीर्घ छापलाय, एवढं सांगायला त्यांनी फोन केला होता.

पहिली खरी विद्यार्थिनी आली ती समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींमुळे. त्यांची भाची इथल्याच एका दवाखान्यात नर्स होती. वहिनी तिला म्हणाल्या, "त्या मॅडम नर्सिंगच्या मुलींचं इंग्रजी घेतात." खरं तर तोवर मी एकाही नर्सला फी घेऊन शिकवलं नव्हतं. कॉलेजात असताना नर्सिंगच्या दोन मैत्रिणींची पेपरांची तयारी करून घेतली होती, एवढंच जिन्यात बोलता बोलता सांगितलं होतं. माझं हजार कागदांवरचं 'सर्व वयोगट' वहिनींच्या डोक्यात राहिलं नाही, जिन्यातलं ते एक वाक्य राहिलं.

नव्या शिक्षकाला विद्यार्थी जाहिरातीतून कमी आणि दुसऱ्याच्या तोंडून जास्त मिळतात. आपल्याबद्दल त्या दुसऱ्याला एका दमात सांगता येईल असं वाक्य त्याच्या हाती द्यायचं. ते द्यायचं कसं आणि त्यावरून फोन आला की पुढे काय करायचं, ते क्रमाने सांगते.

आधी ठरवा: कुणाचं इंग्रजी?

'सगळ्यांचं' असं उत्तर असेल, तर ऐकणाऱ्याला कुणाचीच आठवण होत नाही. 'इंग्रजी माध्यमात मुलं घातलेल्या आयांना शिकवते' म्हटलं, की त्याच्या डोळ्यांसमोर लगेच दोन बायका येतात. त्यामुळे सुरुवातीला गट एकच धरा. नंतर वाढवता येतो.

आपल्याकडचे गट मला असे दिसतात.

मराठी माध्यमाची आठवी ते दहावी. बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा हाच गट येतो, आणि नव्या माणसाला माझ्या मते हाच सगळ्यात अवघड. महाराष्ट्रात मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण दहावीच्या पालकाला हवे असतात मार्क. गल्लीगल्लीत क्लास आहेत आणि गणित-विज्ञानाबरोबर इंग्रजी 'त्यातच' मिळतं. ज्याचा आधीचा निकाल दाखवायला नाही, त्याच्याकडे दहावीचं मूल सहसा कुणी पाठवत नाही. घ्यायचीच असतील तर सातवी-आठवीची घ्या, दोन वर्षं हाताशी असतात.

दहावीची परीक्षा दिलेली मुलं. पेपर मार्चमध्ये संपतात, अकरावी सुरू होईपर्यंत मूल घरी आणि हातात मोबाइल. पालक अक्षरशः विचारत फिरत असतात की याला कुठे अडकवू. हा गट वर्षातून एकदाच मिळतो, पण सहज मिळतो.

डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं. विषय येतो, मुलाखतीत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की घसा कोरडा पडतो. निकड खरी, पण खिशात पैसे कमी, आणि कॅम्पस संपला की बॅच संपली.

इंग्रजी माध्यमात मूल घातलेल्या, स्वतः मराठी माध्यमात शिकलेल्या आया. हा गट मला फार आवडतो. शाळेच्या डायरीतली सूचना कळत नाही, पालकसभेत मागच्या बाकावर बसावं लागतं, आणि आता तर मूलच आईचे उच्चार सुधारायला लागलेलं असतं. दुपारी बारा ते तीन वेळ असतो, कारण ठोस असतं, आणि एक आली की तिच्या मागोमाग शाळेच्या गेटवरच्या आणखी दोघी येतात.

मुलाकडे अमेरिकेला किंवा मुलीकडे ऑस्ट्रेलियाला जाणारे आईवडील. यांना व्याकरण नको असतं. विमानतळावर कुठे वळायचं, इमिग्रेशनच्या खिडकीत काय उत्तर द्यायचं, आणि मराठी न येणाऱ्या नातवाशी काय बोलायचं, एवढंच हवं असतं. बॅच नाही होत, पण एकेकट्याला सहा आठवडे शिकवायला उत्तम. पुण्यात, ठाण्यात, नाशकात असे लोक भरपूर.

मालवण-तारकर्लीकडे किंवा गोव्यात राहत असाल, तर होमस्टे चालवणारे आणि बोटीवर काम करणारे लोक बघा. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, माणसं मोकळी असतात. त्या तीन महिन्यांत शिकवलेलं इंग्रजी ऑक्टोबरमध्ये लगेच वापरात येतं.

आणि नर्सेस. मिरज दवाखान्यांचं गाव. सीमेपलीकडून, बेळगाव-विजापूरकडूनही पेशंट येतात. शिक्षण इंग्रजीतून झालेलं, फाइल इंग्रजीत, पण मोठे डॉक्टर राउंडला आले की मुली गप्प. मला हा गट मिळाला तो वहिनींमुळे, पण मुळात तो माझ्या गावातच होता. तुमच्या गावात कोण आहे? एमआयडीसी असेल तर सुपरवायझर असतील, कोर्ट असेल तर ज्युनिअर वकील.

निवड करताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. अशा तीन माणसांना मी आजच ओळखतो का? त्यांचा मोकळा वेळ आणि माझा मोकळा वेळ जुळतो का? आणि फीचे पैसे त्यांच्या स्वतःच्या हातात आहेत, की ते दुसऱ्याकडून मागून आणणार? तिन्हीला 'हो' आलं तर पुढे चला. पहिल्यालाच 'नाही' आलं तर गट कितीही आकर्षक वाटू दे, सोडा.

नियमांचं थोडक्यात

तुम्ही शाळेत नोकरीला असाल तर इथेच थांबा. शिक्षणहक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. बाकीच्यांना घरी चार-पाच जण शिकवायला बी.एड. लागत नाही. केंद्र सरकारची जानेवारी २०२४ ची कोचिंगबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत. जीएसटीची नोंदणी वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. तिथवर पोचलात तर पेढे द्या. विजेच्या खांबांवर, भिंतींवर कागद चिकटवू नका. सार्वजनिक ठिकाणं विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ पासून राज्याचा कायदा आहे, आणि कागदावर नंबर तुमचाच असतो.

सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरींना आधी भेटून या. आमच्याकडे पहिली तक्रार आवाजाची आली नाही, चपलांची आली. पाच मुलींच्या दहा चपला समोरच्यांच्या दारात. तीनशे रुपयांचं रॅक आणून दाराच्या आत ठेवलं आणि विषय मिटला.

एक वाक्य तयार करा

वाक्यात दोन गोष्टी हव्यात: कोण, आणि त्यांना शेवटी काय करता येईल. 'स्पोकन इंग्लिश ॲडव्हान्स बॅच' यात दोन्ही नाहीत. हे बघा:

'नर्सेसना डॉक्टरांशी आणि पेशंटच्या नातेवाइकांशी इंग्रजीत बोलायला शिकवते.'

'इंग्रजी शाळेतल्या मुलांचा अभ्यास आईला घेता यावा, एवढं इंग्रजी शिकवते.'

'परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांची इंग्रजीची तयारी करून घेतो.'

कसोटी सोपी आहे. हे वाक्य शेजारणीला सांगा आणि आठवड्याने विचारा, "मी काय शिकवते, कुणी विचारलं तर काय सांगाल?" तिने तुमचे शब्द वापरले नाहीत तरी चालेल, पण 'कोण' बरोबर सांगितलं पाहिजे. 'इंग्लिशचे क्लास घेतात' एवढंच म्हणाली तर वाक्य पुन्हा लिहा.

'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' लिहू नका. 'वाघिणीचं दूध'ही नको, ते सगळ्यांच्याच पत्रकावर असतं. आणि जे येत नाही त्याचं आश्वासन देऊ नका. नर्सेस परदेशी जाण्यासाठी आयईएल्टीएस किंवा ओईटी देतात, हे मला माहीत होतं. पण त्या परीक्षांची तयारी कशी करून घेतात ते मी पहिलं वर्षभर शिकत होते, म्हणून विचारणाऱ्यांना सरळ 'नाही' म्हणत होते. त्या 'नाही'मुळेही विश्वास बसतो, हे मला नंतर कळलं.

तीस नावांची यादी

आता वही घ्या आणि तीस नावं लिहा. विद्यार्थ्यांची नव्हे; ज्यांच्याकडे तुमच्या गटातली माणसं रोज येतात-जातात, त्यांची. आयांचा गट असेल तर शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना किती घरं माहीत असतात, विचार करा. शाळेजवळचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. पार्लरवाली ताई. भिशीच्या गटातली सगळ्यांशी बोलणारी एक बाई, ती प्रत्येक भिशीत असते. ब्लाउज शिवणाऱ्या काकू. नर्सेससाठी मुलींच्या होस्टेलच्या मावशी आणि मेसवाले. डिप्लोमाच्या मुलांसाठी त्यांच्या प्रोजेक्टचं बाइंडिंग करणारा.

यातल्या दहा जणांना प्रत्यक्ष जाऊन भेटा. वीस जणांना मेसेज, पण एकेकाला वेगळा. सगळ्यांना एकच मजकूर फॉरवर्ड केला तर तो 'गुड मॉर्निंग'च्या फुलांमध्ये हरवतो. माझा मेसेज साधारण असा असायचा:

'सुनंदाताई, नमस्कार. कशा आहात? एक काम होतं. पुढच्या महिन्यापासून मी घरी नर्सेससाठी इंग्रजी बोलण्याची छोटी बॅच घेतेय, फक्त पाच जणींची. तुमच्या होस्टेलवर कुणी "डॉक्टरांशी बोलताना अडखळायला होतं" असं म्हणत असेल, तर तिला माझा नंबर द्याल का? शनिवारी चार वाजता एक तास बसून बघायला येऊ दे, त्याची फी नाही. नाही जमलं तरी काही हरकत नाही.'

यात 'विद्यार्थी पाठवा' असं कुठेच नाही. तिने ज्याच्या तोंडून अमुक तक्रार ऐकली असेल, त्याला नंबर द्यायचा, एवढंच काम मागितलंय. तक्रारीचे शब्द जसेच्या तसे द्या, कारण तेच तिच्या कानावर पडणार आहेत. वयाने मोठ्या माणसांना मेसेज करू नका, फोन करा किंवा घरी जा. काकूंना व्हॉट्सॲपवर काम सांगितलं की 'आता ही फार मोठी झाली' असं होतं.

कागद छापायचाच असेल तर पन्नास प्रती, आणि त्याही याच दहा ठिकाणी गल्ल्याजवळ ठेवायला. अर्ध्या पानाचा, वरती वाक्य, खाली वेळ, नंबर, आणि 'पाच जागा'. मराठीतच लिहा. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला इंग्रजीतली जाहिरात कशी वाचता येणार, हा प्रश्न कितीतरी क्लासवाल्यांना पडलेला दिसत नाही.

फोन आला की

पहिला प्रश्न नव्वद टक्के वेळा हाच: "मॅडम, फी किती?" लगेच आकडा सांगितला तर "बरं, कळवते" म्हणून फोन बंद. आकडा टाळला तर संशय. म्हणून आधी एक प्रश्न विचारा आणि मग आकडा स्पष्ट सांगा.

"सांगते ना. क्लास तुम्हाला स्वतःसाठी हवाय, की घरात कुणासाठी?"

"माझ्यासाठीच. म्हणजे, माझं शिक्षण मराठीतून झालंय."

"माझंही दहावीपर्यंत मराठीतूनच. सध्या कुठे अडतं, सांगता का? शाळेत, बँकेत, ऑफिसात?"

"मुलाच्या टीचरशी बोलायचं असतं, तेव्हा हे येत नाहीत, मग मी जातच नाही."

"कळलं. महिन्याचे बाराशे, आठवड्यातून तीन दिवस, एकेक तास, दुपारी एक वाजता. आधी शनिवारी येऊन बसा. टीचरशी बोलायची चार वाक्यं त्या दिवशीच करू. नंतर ठरवा."

"टीचरशी बोलायचं असतं, मग मी जातच नाही" हे वाक्य फोन ठेवल्याबरोबर वहीत उतरवून घ्या. तेच तुमचं पुस्तक आहे. फोनवर समोरच्याची परीक्षा घेऊ नका, 'इंग्लिशमध्ये बोला बघू' तर अजिबात नको. मुलीसाठी वडिलांचा फोन आला तर वेळ, जागा, घरी आणखी कोण असतं, हे त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा. रात्री आठच्या बॅचला मुलगी पाठवायची का, हा त्यांच्या डोक्यात फीच्याही आधीचा प्रश्न असतो.

बिनफीचा पहिला तास

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. पहिल्या तासाला क्रियापदाचे तीन काळ आणि त्यांचे चार-चार प्रकार फळ्यावर मांडले की शिक्षकाला शिकवल्यासारखं वाटतं. समोरच्याला आठवीचा वर्ग आठवतो आणि तो परत येत नाही.

पंचेचाळीस मिनिटं पुरतात. पहिली पाच मिनिटं मराठीत गप्पा, पाणी, कोण कुठून आलं. 'इंट्रोड्यूस युवरसेल्फ' नको. पुढची दहा मिनिटं प्रत्येकीने स्वतःच्या मोबाइलवर एक मिनिटभर इंग्रजी बोलून रेकॉर्ड करायचं, 'काल ड्युटीवर काय काय झालं'. एका कोपऱ्यात जाऊन, इतरांनी ऐकायचं नाही. रेकॉर्डिंग तिच्याकडेच राहू दे, तुमच्याकडे नको.

मग वीस मिनिटं फक्त एक गोष्ट शिकवा. मी 'पासून' शिकवायचे. मराठीत आपण म्हणतो, 'पेशंटला दोन दिवसांपासून ताप आहे', 'सोमवारपासून ताप आहे'. दोन्हीकडे 'पासून', दोन्हीकडे 'आहे'. त्यामुळे मराठी माणूस इंग्रजीत सरळ म्हणतो, 'ही इज हॅविंग फीवर फ्रॉम टू डेज'. ही चूक ढिलाईची नाही, ती मराठीतून आलेली आहे, हे आधी सांगा. समोरच्यांचे खांदे तिथल्या तिथे सैल होतात. मग दाखवा: किती वेळ ते मोजून सांगितलं की 'फॉर', कधी सुरू झालं तो क्षण सांगितला की 'सिन्स'. आणि कालपर्यंत होतं आणि आजही आहे, म्हणून 'इज' नाही, 'हॅज हॅड'. 'ही हॅज हॅड अ फीवर फॉर टू डेज.' 'ही हॅज हॅड अ फीवर सिन्स मंडे.' नियम एवढाच. नंतर आठ वाक्यं, सगळी त्यांच्या वॉर्डातली: दुखणं, खोकला, सलाइन चालू असणं, लघवी न होणं. प्रत्येकीच्या तोंडून प्रत्येक वाक्य आलं पाहिजे.

आयांच्या गटाला मी 'पासून' नव्हे, 'व' द्यायचे. आपला 'व' एक, इंग्रजीचे दोन: 'व्हेरी'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, 'वेल'ला ओठांचा चंबू होतो आणि दात कशालाच लागत नाहीत. 'व्हेरी वेल' म्हणताना आरसा हातात द्या. हसून हसून पुरेवाट होते, आणि घरी गेल्यावर प्रत्येक जण मुलाला करून दाखवते. त्यातून तुमची जाहिरात होते ती वेगळीच.

शेवटची दहा मिनिटं पुन्हा तेच रेकॉर्डिंग, तोच विषय. दोन्ही ऐकायला सांगा. फरक थोडासाच असतो, पण तो तिचा तिला ऐकू येतो. त्यानंतर क्लासची स्तुती करायची गरज उरत नाही. फी, वार, वेळ लिहिलेली एक चिठ्ठी द्या आणि म्हणा, "बुधवारपर्यंत कळवा." बुधवारी फोन नाही आला तर गुरुवारी एकच फोन तुम्ही करा. दुसरा करू नका.

फीचा हिशेब

भीतीपोटी सगळे कमी फी सांगतात, मीही सांगितली होती. कागदावर मांडून बघा. समजा पाच जणी, बाराशे रुपये, म्हणजे महिन्याला सहा हजार. आठवड्याला तीन तास म्हणजे महिन्याला बारा तास शिकवणं. पहिल्या वर्षी तेवढाच वेळ तयारीला लागतो, म्हणून चोवीस तास. तासाला अडीचशे पडले. हा आकडा तुमच्या गावात, तुमच्या घरखर्चात बसतो का, ते बघून बाराशेचे आठशे करा किंवा दोन हजार. आसपासचा दर काय चाललाय ते ओळखीच्या पालकांना विचारलंत तर कळेल. एकट्याला शिकवायचं असेल तर तासावर दर ठेवा, महिन्यावर नाही.

पूर्ण फुकट कुणालाच नको. नणंदेच्या मुलालासुद्धा. फुकटचा विद्यार्थी तिसऱ्या दिवशी 'आज पाहुणे आलेत' म्हणून येत नाही, आणि बॅच ढिली पडते. सवलत द्यायचीच तर पहिल्या बॅचला द्या आणि ती किती महिन्यांपुरती आहे ते चिठ्ठीवर लिहा, म्हणजे पुढे फी वाढवताना तोंड लपवावं लागत नाही.

फी एक ते पाच तारखेच्या आत, आगाऊ. यूपीआयचा क्यूआर कागदावर छापून भिंतीला लावला की मागायचा संकोच उरत नाही. बुडालेल्या तासाचं काय, हे आधीच ठरवा. माझ्या मुलींच्या शिफ्ट दर आठवड्याला बदलायच्या, कधी सकाळ, कधी दुपार, कधी रात्रपाळी. बुडालेले तास भरून देता देता मी थकले. शेवटी एकच धडा आठवड्यात दोन वेगळ्या वेळांना ठेवला, सकाळी दहा आणि संध्याकाळी चार. जिला जे जमेल त्याला तिने यायचं. तयारी एकदाच, भांडण शून्य.

कधी सुरू करायचं

महाराष्ट्रात शिकवणीला ऋतू असतात. मार्चअखेर ते मे: दहावी-बारावीनंतरची मुलं; याचा बोलबाला फेब्रुवारीतच सुरू करा. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. तेव्हा आयांच्या हातात नवी डायरी आणि मनात नवा निश्चय असतो. जुलै-ऑगस्ट नोकरदारांसाठी चांगला. गणपती ते दिवाळी नवी बॅच काढू नका, प्रत्येक आठवड्यात कुणाची ना कुणाची सुट्टी. दिवाळीनंतरचा सोमवार मात्र उत्तम. फेब्रुवारीत घरात परीक्षा असलेली आई कुठेच येत नाही.

इंटरनेटचं काय?

आहे, पण ते वहिनींच्या नंतर. गूगल मॅप्सवर नोंद फुकट होते. घरी शिकवत असाल, विशेषतः एकट्या असाल, तर घराचा पत्ता लपवून फक्त परिसर दाखवायची सोय आहे, ती वापरा. दुसरं सिमकार्ड घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा, म्हणजे रात्री अकराचे 'हाय' घरच्या नंबरवर येत नाहीत. ब्रॉडकास्टने पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून पहिल्या तासाला आलेल्या प्रत्येकीकडून नंबर तिथेच सेव्ह करून घ्या.

रील्स करायची हौस असेल तर करा. माझ्यासाठी मात्र रोजचं स्टेटस जास्त कामी आलं: वर मराठी वाक्य, खाली इंग्रजी. 'उद्या उपाशीपोटी या' खाली 'प्लीज कम ऑन ॲन एम्प्टी स्टमक टुमॉरो'. त्याचा स्क्रीनशॉट मुली होस्टेलच्या ग्रुपवर टाकायच्या. लहान मुलांचे फोटो किंवा कुणाचंही रेकॉर्डिंग स्टेटसवर टाकू नका. परवानगी दिली तरी अडखळणारा आवाज जगाला ऐकवायचा नसतो.

ऑनलाइन शिकवणार असाल तर फुकटच्या झूमवर तास चाळीस मिनिटांत तुटतो, आणि गूगल मीटवर तिघे किंवा जास्त असतील तर साठ मिनिटांत. धडा त्या मापाचाच बेता. नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशी गेलेल्या मराठी मुली हा ऑनलाइनचा चांगला गट आहे. शिकलेल्या असतात, पण दुकानात, मुलाच्या शाळेत बोलायला धजत नाहीत, आणि मराठीतून समजावणारं कुणी तिथे सापडत नाही. न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. म्हणजे आपली संध्याकाळी साडेसातची वेळ त्यांची सकाळ, मुलं शाळेत गेल्यानंतरची. तिथेही पहिली विद्यार्थिनी तुमच्या मावसबहिणीच्या ओळखीतूनच येईल.

पाच जणी आल्यानंतर

पहिले सहा आठवडे नव्या माणसांच्या मागे लागू नका. आहेत त्या पाच जणींचं पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग सहाव्या आठवड्यात पुन्हा ऐकवा, त्याच विषयावर नवं करायला लावा. एखादी दोन तासांना आली नाही तर तिसऱ्याच्या आधी फोन करा, कारण विचारायला नव्हे, "त्या दिवशी काय झालं ते पाच मिनिटांत सांगू का?" म्हणून. बॅच गळते ती साधारण तिसऱ्या महिन्यात, लाजेमुळे: मागे पडलेली मुलगी परत यायला कचरते.

शिफारस मागायची ती एखादी म्हणेल तेव्हा, "मॅडम, काल सरांशी बोलले मी." त्या क्षणी, हसत: "मग तुझ्या वॉर्डात अजून कुणी गप्प उभी राहते का गं?" नाव ती तिथल्या तिथे सांगते.

सहावी आली तर चालू बॅचमध्ये घुसवू नका. वहीत तिचं नाव लिहा, पुढच्या बॅचची तारीख सांगा, ती पाळा. वहीत तीन रकाने: नाव, फोन, आणि 'कुणी पाठवलं'. माझ्या वहीत त्या तिसऱ्या रकान्यात पहिल्या पानावर समोरच्या वहिनींचं नाव चार वेळा आहे. दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचा मोठा डबा जातो. एकदा मी कमिशनचं विचारून बघितलं होतं, तर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या.